पंपावर भावाशेजारी ऑक्टेनचा आकडाही ठळक हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इ२० पेट्रोलावर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलावर, सध्या सगळीकडे चर्चा चालू आहे. मायलेज, रबरी नळ्या, वॉरंटी यांचा कीस पाडला जातो. ऑक्टेन आणि कॉम्प्रेशन यांच्याबद्दल मात्र जाणकार म्हणवणारेही बेधडक काहीही सांगतात. 'पॉवर टाकू की साधं?' असे पंपावरचा मुलगा विचारतो आणि गाडीला टॉनिक पाजावे तशा भावनेने लोक लिटरमागे जादा पैसे मोजतात. शंभर सीसीच्या मोटारसायकलीत हे पैसे सायलेन्सरमधून बाहेर जातात. ते कसे, हे सांगण्यासाठी आणि तेल कंपन्यांकडे एक साधी मागणी करण्यासाठी हे पत्र.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलातली ऊर्जा सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत गेली तरी ते पेट्रोल आपोआप भडकण्याआधी किती तग धरते, एवढेच तो सांगतो. प्रयोगशाळेत यासाठी एक सिलिंडरचे खास इंजिन असते. चालू असतानाच त्याचे कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येते. ६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि आत येणारी हवा साधारण ५२ अंश सेल्सिअस, अशा चाचणीतून रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) मिळतो. ९०० आरपीएम आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेले, ही कडक चाचणी मॉनची (मोटर ऑक्टेन नंबर). नमुन्याचे नॉकिंग, म्हणजे आपोआप भडकल्याने होणारी इंजिनाची टकटक, दोन शुद्ध द्रवांच्या मिश्रणाशी ताडतात: आयसो-ऑक्टेन १०० धरलेले, एन-हेप्टेन शून्य धरलेले. ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन जितके नॉकिंग देते तितकेच नमुन्याने दिले, की तो नमुना ९५ ऑक्टेनचा.

प्रदूषणाच्या बीएस-६ मानकानुसार आपल्याकडे साध्या पेट्रोलाला किमान ९१ रॉन आणि ८१ मॉन लागतो, प्रीमियमला ९५ आणि ८५. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन यांची सरासरी लिहितात. त्यामुळे न्यू जर्सीतला भाचा 'आम्ही ८७ भरतो' म्हणाला की इथल्या मामाला वाटते, तिकडचे पेट्रोल आपल्यापेक्षा हलके. तिकडचे ८७ म्हणजे आपल्या मोजणीत ९१ च्या आसपासच. अमेरिकन व्हिडिओ पाहून 'माझ्या गाडीला ९१ पुरते' असे ठरवणाऱ्यांनी हे आधी तपासावे. तिकडचे ९१ आपल्या ९५ च्या घरात जाते.

आता कॉम्प्रेशन. पिस्टन तळाशी असताना वरची एकूण जागा भागिले पिस्टन टोकाला असताना उरलेली जागा, हे ते गुणोत्तर. आपल्याकडच्या नेहमीच्या शंभर सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी असतो, म्हणजे पिस्टन ९७.२ सीसी जागा झाडतो. कॉम्प्रेशन १०:१ धरले तर हेडमध्ये (सिलिंडरच्या झाकणात) उरणारी पोकळी फक्त १०.८ सीसी, जेमतेम दोन चमचे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा बोअर ७२, स्ट्रोक ८५.८ आणि कॉम्प्रेशन ९.५:१, तिथे ही पोकळी ४१ सीसी येते. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कॉम्प्रेशन वाढवले की त्याच थेंबातून जास्त काम निघते, कारण जळलेल्या वायूला पसरायला जास्त वाव मिळतो. पुस्तकी आदर्श चक्रात कार्यक्षमता ८:१ ला ५६.५ टक्के, १०:१ ला ६०.२ आणि १२:१ ला ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिन यापेक्षा बरेच खाली असते, पण चढण अशीच, आणि पुढेपुढे उतार कमी होत जाणारी. मग कंपन्या सरसकट १५:१ का देत नाहीत? कारण हवा दाबली की तापते. ढोबळ हिशोबाने २५ अंशांची हवा १०:१ ने दाबली की ३९५ अंशांच्या जवळ जाते. तीच हवा चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातली, ४५ अंशांची असेल तर दाबाच्या शेवटी ४४० च्या आसपास. आत येताना २० अंशांचा फरक, ठिणगीच्या वेळी ४५ अंशांचा. हिवाळ्यात निमूट चालणारी गाडी उन्हाळ्यात त्याच पेट्रोलावर नॉकिंग का करते, याचे उत्तर इथे आहे.

नॉकिंग होते तेव्हा आत काय घडते? प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला गोळ्यासारखी बाहेर सरकते. ती सरकत असताना भिंतीकडेचे, अजून न पेटलेले मिश्रण दोन्हीकडून चेपले जाते आणि तापते. ज्वाला तिथे पोहोचेपर्यंत त्याने दम धरला तर सगळे ठीक. नाही धरला तर तो सगळा कोपरा एकदम पेटतो आणि दाबाची लाट बोअरमध्ये आडवी आपटत राहते. मोटारीच्या साधारण ७०-७५ मिमी बोअरमध्ये तिची वारंवारिता सात-आठ हजार हर्ट्झ भरते; कानाला ती 'टिणटिण' किंवा डब्यात खडे हलवल्यासारखी येते. वरचा गियर, कमी आरपीएम, थ्रॉटल पूर्ण, चढ, मागे माणूस: ही तिची ठरलेली वेळ. अशा नॉकिंगने पिस्टनच्या कडेला टोचे पडतात, रिंगच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट फुटते. पिस्टनच्या बरोबर मध्यभागी भोक पडले असेल तर मात्र दुखणे बहुधा वेगळे: तापलेला कार्बन किंवा चुकीचा प्लग ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो, ते प्री-इग्निशन. हेड उघडल्यावर पिस्टन फेकून देण्याआधी तो नीट पाहावा, निम्मे निदान त्यावर लिहिलेले असते.

म्हणजे ऑक्टेन ही परवानगी आहे. जास्त कॉम्प्रेशन, टर्बोचा (हवा दाबून आत भरणाऱ्या पंपाचा) जास्त दाब किंवा ठिणगीचे टायमिंग आणखी आधी, यांपैकी काहीतरी करण्याची ती मुभा देते. मुभा कोणी वापरलीच नाही तर हाती काही लागत नाही. नेहमीच्या कम्यूटर मोटारसायकलीत नॉक सेन्सर नसतो. टायमिंगचा तक्ता कारखान्यात कमी ऑक्टेन धरूनच भरलेला असतो. १०:१ चे हे इंजिन ९१ वर नॉकिंग करत नसेल तर ९५ वर ते काहीच वेगळे करणार नाही, आणि १०० वरही नाही. 'मला फरक जाणवतो' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त त्यांनी टाकी फुल टू फुल करून, एकाच रस्त्यावर, टायरचा दाब तोच ठेवून मोजावे.

मोटारींचे गणित निराळे. तिथे सिलिंडर ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची ती ठरावीक थरथर ऐकू आली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग काही अंश मागे घेतो, शांत झाले की हळूहळू पुन्हा पुढे नेतो. १२:१ च्या किंवा टर्बो असलेल्या इंजिनाला उन्हाळ्यात, भरल्या गाडीत ९५ दिले तर हे मागे घेणे कमी होते आणि थोडी ताकद, थोडे मायलेज परत मिळते. थोडेच, आणि तेही भार असताना. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्याला काही नाही. जाता जाता गॅरेजवाल्यांसाठी: हा सेन्सर बोल्टच्या ताणावर ऐकतो. बहुतेक ठिकाणी तो साधारण २० न्यूटन-मीटरला कसायचा असतो. खाली वॉशर टाकला, रंग किंवा गंज राहू दिला किंवा पान्याला पाइप लावून आवळला की तो बहिरा होतो नाहीतर भ्रमिष्ट. मग गाडी 'भार घेत नाही' आणि ग्राहकाला महागडे पेट्रोल सुचवले जाते.

मुभा वापरली तर काय होते, याचा सगळ्यात स्पष्ट दाखला विमानाच्या इंजिनाचा आहे. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले. त्यांच्या मर्लिन इंजिनाचे कॉम्प्रेशन ६:१ च होते, ते बदलले नाही. बदलला सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या हवेच्या पंपाचा, दाब: चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून बारा पौंड. अश्वशक्ती १,०३० वरून, बऱ्याच कमी उंचीवर, १,३१० झाली. सुपरचार्जरचा दाब सव्वासहावरच ठेवून नुसते १०० ऑक्टेन ओतले असते तर वैमानिकाला काहीही कळले नसते.

उलटा प्रश्नही विचारला जातो. होंडा सिटी हायब्रिडचे कॉम्प्रेशन १३.५:१ आहे, मग ती साध्या पेट्रोलावर कशी चालते? ही इंजिने इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात. पिस्टन वर येऊ लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच, त्यामुळे आत घेतलेली थोडी हवा परत जाते. दाबली जाते कमी हवा, पण पसरताना पूर्ण १३.५ पटीने पसरते. कागदावरचे कॉम्प्रेशन आणि प्रत्यक्ष दाब यांत असा फरक असतो, म्हणून केवळ ब्रोशरमधला आकडा पाहून 'बारापुढे ९५ हवेच' असे ठोकून देऊ नये. गाडीचे मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतले स्टिकर, हे दोनच साक्षीदार खरे.

आता इ२०. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात म्हटले की इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५ आहे, पेट्रोलाचा ८४.४, एकेकाळी देशात ८८ रॉनचे पेट्रोल विकले जाई, बीएस-६ मध्ये ते ९१ झाले आणि इ२० मुळे ९५ पर्यंत पोहोचले. त्याच स्पष्टीकरणात इ२० मुळे पिकअप सुधारतो असाही दावा आहे. हा दावा एका अटीवरच खरा: इंजिन त्यासाठी बनवलेले असेल तर. रस्त्यावरच्या लाखो गाड्या ९१ ऑक्टेन धरून बनल्या आहेत. त्यांचे कॉम्प्रेशन लोखंडात आणि ॲल्युमिनियमात ओतलेले आहे, सॉफ्टवेअर अपडेटने ते वाढत नाही. त्या गाड्यांच्या वाट्याला ऑक्टेनची मुभा येते, पण ती वापरायला काही नाही; आणि ऊर्जेतली घट मात्र पूर्ण येते. लिटरभर शुद्ध पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलात २१. वीस टक्के मिसळले की लिटरमागे सुमारे सात टक्के घट. आधी आपण इ१० वापरत होतोच, त्याच्याशी तुलना केली तर साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही इ० साठी बनवलेल्या आणि इ१० साठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के आणि तशाच दुचाकींना तीन ते चार टक्के घट सांगितली होती. इ२० साठीच जुळवलेल्या चारचाकीत ती एक-दोन टक्क्यांवर येते. ही जी भरपाई होते ती जुळवणीमुळे.

ऊस पिकवणाऱ्या आपल्या राज्यात इथेनॉलला विरोध करण्याचे मला कारण नाही. ९५ रॉन देशभर मिळणार असेल तर इंजिन बनवणाऱ्यांसाठी ती मोठी संधी आहे. ढोबळमानाने कॉम्प्रेशनचा एक आकडा वाढवायला चार-पाच ऑक्टेन लागतात, म्हणजे आज १०.५:१ वर असलेले इंजिन उद्या ११.५:१ वर जाऊ शकते. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलापेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषते, त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड होते. पण ही संधी उद्याच्या गाडीची आहे, ती आजच्या मालकाच्या नावावर मांडू नये.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना एक वेगळी अडचण येते. शुद्ध पेट्रोलाला एका भागास १४.७ भाग हवा लागते, इ१० ला १४.१, इ२० ला साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे समजत नाही. तो जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीच्या) भोकातून तेवढेच पेट्रोल देतो, म्हणजे मिश्रण पातळ होते, हवेच्या मानाने इंधन कमी पडते. लक्षणे ठरलेली: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल उघडताना अडखळते, प्लगचे टोक तपकिरी न राहता पांढरे पडते, इंजिन तापते. पातळ मिश्रणाने तापलेले इंजिन ९५ ऑक्टेनवरही नॉकिंग करू शकते. इलाज एक पायरी मोठा मेन जेट, म्हणजे ९० च्या जागी ९२.५, आणि मिश्रणाच्या स्क्रूची नव्याने जुळवणी. आधी फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या तळची पेट्रोलाची वाटी) उघडून तळातला चिखल मात्र साफ करावा, नाहीतर जेट बदलूनही तेच. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ईसीयू ही भर आपोआप घालतो.

पावसाळ्यात कोकणात आणखी एक प्रकार घडतो. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून जाते. इ१० मध्ये ही सहनशक्ती लिटरमागे सुमारे ५ मिली, इ२० मध्ये आणखी काहीशी जास्त. ती ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि वर उरते इथेनॉल निघून गेलेले पेट्रोल. तळाचा थर आधी इंजिनात जातो, गाडी बंद पडते, एवढे सगळ्यांना कळते. न कळणारी गोष्ट ही की वर उरलेले पेट्रोल आता ९५ चे नाही. मंत्रालयाच्याच आकड्यांवरून पाहिले तर ते ऐंशीच्या घरात घसरलेले असू शकते. 'पाणी काढून टाकले तरी गाडी टकटक करते' याचे कारण हे. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करावी, वरचे पेट्रोल परत ओतू नये. टाकीच्या झाकणाच्या खोलगट भागात पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक आणि नळी असते; ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी झाकणाच्या रबरापाशी साचून आत उतरते. जूनच्या आधी तिच्यात एक बारीक तार फिरवणे पुरते.

हेडची पोकळी १०.८ सीसी, हे वर सांगितले. गॅरेजात हेड 'फेसिंग' करायला लेथवर टाकतात, तेव्हा पाव-अर्धा मिलिमीटर काढणे ही कारागिराला किरकोळ गोष्ट वाटते. ५० मिमी बोअरवर अर्धा मिमी म्हणजे सुमारे १ सीसी. पोकळी ९.८ सीसी उरली की कॉम्प्रेशन १० वरून १०.९ वर गेले. ग्राहकाला न सांगता, न विचारता. पाया सपाट करण्यापुरतेच काढावे, आणि जास्त निघालेच तर तेवढ्या जाडीचे गॅस्केट वापरावे. पिकअप वाढवायला म्हणून मुद्दाम हेड घासून घेणाऱ्या तरुणांनी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतरही तेवढेच कमी होते हे ध्यानात ठेवावे. कार्बनही हेच करतो. तेल जाळणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये जमलेली काजळी जागा खाते, शिवाय उष्णता धरून ठेवते. अशी गाडी साध्या पेट्रोलावर नॉकिंग करते आणि प्रीमियमवर थांबते. मालक प्रीमियमचे गुण गातो, आणि आतली काजळी वाढत राहते.

म्हणून नॉकिंग ऐकू आले की पेट्रोल बदलणे हा शेवटचा उपाय धरावा. आधी थंडावा पाहावा: इंजिनाच्या पंखांमध्ये (फिन्समध्ये) चिखल, रेडिएटरमध्ये कीटक आणि पाला, कूलंटऐवजी नुसते पाणी, न चालणारा पंखा. मग प्लगचा क्रमांक. उष्णतेचा आकडा एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये वाढत गेला की प्लग थंड होत जातो आणि बॉशमध्ये नेमका उलट, गरम. दुकानदाराने 'हाच बसतो' म्हणून दिलेला प्लग धाग्याला बसतो, इंजिनाला बसेलच असे नाही. त्यानंतर मिश्रण, टायमिंग, आणि इनटेकच्या रबरी जोडातून चोरून शिरणारी हवा. एवढे ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेज लावावे. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडे, मोटारीत सगळे प्लग काढलेले, आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा फेरे. गेजवरचा दाब आणि कॉम्प्रेशनचे गुणोत्तर एक नव्हे. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशीच ताडावा, कारण काही मोटारसायकलींत स्टार्ट सोपा व्हावा म्हणून डीकॉम्प्रेसर असतो आणि वाचन मुद्दामच कमी येते. मोटारीत दोन सिलिंडरांमधला फरक १ बारपेक्षा जास्त नसावा. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि दाब ठरल्यापेक्षा जास्त आला तर तो आनंदाचा विषय नाही, आत कार्बन आहे.

छोट्या टर्बो पेट्रोल मोटारी घेणाऱ्यांना एक सूचना. कसारा किंवा आंबोलीच्या घाटात चौथ्या गियरमध्ये १,५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की सिलिंडरच्या भिंतीवरचा तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. हा प्रकार ऑक्टेनने पूर्ण टळत नाही, कारण त्याचे मूळ इंजिन ऑइलातही आहे. या इंजिनांना डब्यावर 'एपीआय एसपी' दर्जा लिहिलेले ऑइल घालावे आणि घाटात एक गियर खाली यावे.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. बाटलीवर '३० पॉइंट' लिहिलेले असते, पण त्या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणजे सगळे मिळून तीन. काहींत लोहाची किंवा मँगनीजची संयुगे असतात. ती प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तांबूस थर चढवतात आणि मग ठिणगी चुकते. लेहला जाणारे रायडर अशा बाटल्या आवर्जून बांधून नेतात, त्यांची तर गंमतच. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. सिलिंडरच अर्धवट भरतो, त्यामुळे नॉकिंगची शक्यता कमी होते आणि ऑक्टेनची गरज घटते. तिथे गाडी दम टाकते ती हवेअभावी. बाटलीच्या जागी सुटा क्लच केबल न्यावा.

आता मागणी. पंपावर घनता मोजून मिळते, फिल्टर पेपर मागता येतो, पाच लिटरचे माप मागता येते. घनता टँकरच्या चलनावरच्या आकड्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त सरकली तर संशय घेता येतो. ऑक्टेन मात्र ग्राहकाला पंपावर तपासता येत नाही, प्रमाणित मोजणीला ते प्रयोगशाळेतले इंजिनच लागते. म्हणूनच तो लिहून देणे विक्रेत्यावर बंधनकारक हवे. आज पंपावर भाव दुरून दिसतो, ब्रँडचे नाव त्याहून मोठे दिसते. नावात आकडा असेल, जसे एक्सपी ९५ किंवा पॉवर ९५, तर निदान कळते; नुसत्या आकर्षक नावाखाली अनेकदा तेच ऑक्टेन आणि वर सफाईची ॲडिटिव्ह एवढेच असते. ती ॲडिटिव्ह निरुपयोगी नाहीत, पोर्ट इंजेक्शनच्या (व्हॉल्व्हच्या अलीकडे पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत इनटेक व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर ती स्वच्छ ठेवतात. पण जो ग्राहक ९५ समजून जादा पैसे देतो त्याला काय विकले जाते आहे ते कळले पाहिजे. आणि साधे इ२० च ९५ रॉनचे असेल, तर शेजारच्या नोझलमधले ९५ कशासाठी महाग, हे तेल कंपन्यांनी एका ओळीत तरी सांगावे.

प्रत्येक नोझलवर रॉन, इथेनॉलची टक्केवारी आणि ॲडिटिव्ह आहे की नाही, या तीन गोष्टी मराठीत आणि हाताएवढ्या अक्षरांत छापाव्यात. अमेरिकेत पंपावर पिवळ्या चौकोनात ऑक्टेनचा आकडा लावलाच जातो. युरोपात इ५, इ१० ची गोल खूण २०१८ पासून नोझलवर आणि गाडीच्या झाकणापाशीही असते. आपल्याकडे यासाठी नवे यंत्र लागत नाही, छापखाना लागतो. राज्याच्या वैधमापन खात्याने पंपांची मापे तपासताना ही खूणही तपासावी, आणि गाडी विकताना शोरूमने कॉम्प्रेशन, किमान रॉन आणि चालणारी इथेनॉलची कमाल टक्केवारी डिलिव्हरीच्या कागदावर लिहून द्यावी. इ२० साठी न बनवलेल्या, २०२३ च्या आधीच्या गाड्यांसाठी हीच माहिती मॉडेलनुसार उत्पादकांनी संकेतस्थळावर मराठीत टाकावी; सध्या ती विचारायला सर्व्हिस सेंटरला फोन केला की तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात.

आपला,
मोटार मेकॅनिक व्यवसायाचा एक निवृत्त शिल्पनिदेशक,
सातारा